उंचावर रक्त दाट होते तेव्हा

चैत्र सरत आला की अनेक गावांच्या संघांत कैलास-मानसरोवर आणि अष्टापद यात्रेसाठी नावे लिहिली जाऊ लागतात. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेव यांचे निर्वाण अष्टापद पर्वतावर झाले, अशी परंपरा आहे आणि ते स्थान कैलासाच्या सान्निध्यात असल्याची अनेकांची श्रद्धा आहे. त्यामुळे साठी ओलांडलेले श्रावक-श्राविकाही या यात्रेची मनीषा वर्षानुवर्षे बाळगून असतात. पासपोर्ट, लोकरीचे कपडे, खाखऱ्यांचे डबे यांच्या याद्या बारकाईने होतात. रक्ताच्या तपासणीचा विषय बहुधा शेवटी निघतो आणि तोही ‘हिमोग्लोबिन किती?’ एवढ्या एकाच प्रश्नावर संपतो.

आपल्या नेहमीच्या तीर्थांवर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. शत्रुंजय सहाशे मीटरच्या आसपास आहे, सम्मेदशिखर साडेतेराशेच्या आसपास. या पायऱ्या आणि वाटा गुडघ्यांची व हृदयाची परीक्षा पाहतात. रक्ताला त्यांची विशेष दखल घ्यावी लागत नाही. मानसरोवराचा काठ मात्र साडेचार हजार मीटरहून उंच आहे आणि परिक्रमेतील डोल्मा खिंड सुमारे ५,६०० मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, शेकडा एकवीस. पण हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासात हाती येतो तो अर्धाच.

अशा ठिकाणी शरीर काय करते, याचा शोध हिमालयात नव्हे, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात लागला. फ्रान्सचे फ्रान्स्वा व्हियो हे १८८९ मध्ये पेरू देशातील मोरोकोचा या सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील खाणीच्या गावी गेले. समुद्रकाठच्या लिमा शहरात त्यांनी स्वतःच्या रक्तातील लाल पेशी मोजल्या होत्या. एका घन मिलिमीटरमध्ये त्या सुमारे पन्नास लाख होत्या. डोंगरावर तीन आठवडे काढल्यावर तोच आकडा ऐंशी लाखांच्या घरात गेला. पर्वतावरचे रक्त दाट असते, असा तर्क फ्रेंच वैद्यांनी पूर्वीच मांडला होता. व्हियो यांनी तो स्वतःच्या बोटातील थेंबावर पडताळून पाहिला.

या वाढीत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि यात्रेकरूच्या दृष्टीने त्यांतील भेद फार महत्त्वाचा आहे. उंचावर पोहोचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच शरीर लघवीवाटे पाणी बाहेर टाकते. रक्तातील द्रवभाग आटतो, पेशी तेवढ्याच राहतात. दूध आटवल्यावर ते दाट होते, पण साय वाढत नाही, तसेच हे. पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिनचा आकडा एखाद्या-दोन ग्रॅमने चढलेला दिसतो, तो मुख्यतः या आटण्यामुळे. नवे रक्त घडवण्याचे काम त्यानंतरचे, आणि ते सावकाशीचे.

त्या कामाचा आदेश मूत्रपिंडातून निघतो. रक्तातील प्राणवायू कमी झाल्याचे मूत्रपिंडातील काही पेशींना कळते आणि त्या एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या घरच्यांना हे नाव अपरिचित नसेल. मूत्रपिंड निकामी झाल्यावर हेच द्रव्य इंजेक्शनने द्यावे लागते. असे काही द्रव्य असावे, असा अंदाज पॅरिसच्या कार्नो आणि देफ्लांद्र यांनी १९०६ मध्येच केला होता. ते शुद्ध स्वरूपात हाती यायला १९७७ उजाडले. जपानी संशोधक मियाके यांनी ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांचे २,५५० लिटर मूत्र गोळा करून, आटवून अमेरिकेतील गोल्डवासर यांच्याकडे नेले, तेव्हा त्यातून काही मिलिग्रॅम द्रव्य मिळाले. याच रुग्णांचे मूत्र का? कारण त्यांच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होत नाही. मूत्रपिंड हाका मारीत राहते, अस्थिमज्जा ओ देत नाही, आणि न ऐकलेल्या त्या हाका मूत्रातून वाहून जातात.

प्राणवायू कमी झाल्याचे पेशीला नेमके कळते कसे, हे आणखी पुढच्या काळात उलगडले. पेशी एक विशिष्ट प्रथिन अखंड तयार करीत असते आणि प्राणवायू पुरेसा असेतोवर ते लगेच मोडूनही टाकीत असते. प्राणवायू घटला की मोडण्याचे काम थांबते, प्रथिन शिल्लक राहते आणि तेच एरिथ्रोपोएटिनचे कारखाने सुरू करते. या शोधासाठी ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एरिथ्रोपोएटिन उंचावर पोहोचल्यावर काही तासांतच वाढू लागते आणि एक-दोन दिवसांत शिखर गाठते. कोवळ्या लाल पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडायला चार-पाच दिवस लागतात. एकूण लाल पेशींच्या साठ्यात मोजण्याजोगी भर पडायला कित्येक आठवडे. दहा-बारा दिवसांचा यात्रेकरू तोपर्यंत घरी परतलेला असतो. डोंगरावर गेल्याने ‘रक्त वाढते’ हे खरे असले, तरी त्या वाढीचा लाभ त्याच्या वाट्याला फारसा येत नाही. त्याला डोल्मा खिंड ओलांडायची असते ती घरून नेलेल्या रक्तावरच. पहिल्या दिवसांतील डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश हा वेगाने उंची गाठल्याचा परिणाम असतो. उत्तम हिमोग्लोबिन असलेल्या धट्ट्याकट्ट्या तरुणालाही तो चुकत नाही. श्वास जलद होणे, हृदयाचे ठोके वाढणे, हीच त्या दिवसांतील खरी जुळवणी.

येथे कोणाच्याही मनात येईल की, मग रक्त जितके अधिक तितके बरे. अँडीजमधील अनुभव याच्या अगदी उलट आहे. सेरो दे पास्को हे पेरूमधील ४,३०० मीटरहून उंच असलेले खाणीचे गाव. लिमाचे वैद्य कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये तेथील एका रुग्णाची हकीकत मांडली आणि १९२८ मध्ये या आजारावर ग्रंथ लिहिला. रुग्णाचा चेहरा आणि ओठ जांभळट, डोळे लाल, हातापायांच्या शिरा फुगलेल्या. डोके सतत दुखणारे, कानांत आवाज, तळहात-तळपायांची आग, झोप नाही, स्मरण मंद. हा माणूस नवखा नव्हता. आयुष्य उंचावरच काढलेला होता. त्याच्या शरीराने रक्त घडवण्याचा आदेश मागे घेतलाच नव्हता. या विकाराला आता मोंगे यांचेच नाव आहे. पुरुषात हिमोग्लोबिन २१ ग्रॅम आणि स्त्रीत १९ ग्रॅमपर्यंत किंवा त्यापलीकडे गेले आणि अशी लक्षणे दिसली, की हे निदान केले जाते. मासिक पाळी सुरू असेतोवर स्त्रिया यापासून बऱ्याच अंशी बचावतात. वय वाढते तसा धोका वाढतो.

लाल पेशींची गर्दी एका मर्यादेबाहेर गेली की रक्त घट्ट होते, बारीक वाहिन्यांतून कष्टाने सरकते आणि ते ढकलताना हृदय थकते. प्राणवायू वाहणारे हमाल वाढले, पण गल्लीत इतके दाटले की माल दारापर्यंत पोहोचेना, अशी गत. म्हणूनच अशा रुग्णाच्या शिरेतून थोडे रक्त काढून टाकले तर त्याला काही काळ हलके वाटते. खरा उपाय एकच, खाली उतरणे. समुद्रकाठी आल्यावर काही आठवड्यांत रक्त पूर्वपदावर येते, लक्षणे ओसरतात. पण खाण वर आहे आणि मजुरीही वरच. त्याच देशातील ला रिंकोनादा या सोन्याच्या खाणीच्या वस्तीत, ५,१०० मीटरवर, हजारो कुटुंबे राहतात. जगातील सर्वांत उंच कायम वस्ती म्हणून तिचे नाव घेतले जाते. तेथे हा विकार मोठ्या प्रमाणात आहे. वैद्य उतरण्याचा सल्ला देतात, मजूर उतरतो आणि बरा वाटू लागला की पुन्हा वर चढतो.

भारतीय सैन्यातील वैद्यांनाही घट्ट रक्ताचा अनुभव आहे. अतिउंच ठाण्यांवर महिनोन्महिने राहिलेल्या, एरवी निरोगी अशा तरुण जवानांच्या पायांच्या, फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांत गुठळ्या झाल्याच्या नोंदी त्यांनी केल्या आहेत. थंडी, पाण्याची कमतरता, वादळामुळे तंबूत दीर्घकाळ बसून राहणे आणि दाटलेले रक्त, ही सारी कारणे तेथे एकत्र येतात.

आता ज्या भूमीत अष्टापदाचे यात्रेकरू जातात, तेथील लोकांकडे पाहावे. सिंथिया बील या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये तिबेटी आणि बोलिव्हियातील आयमारा लोकांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची वस्ती जवळजवळ सारख्याच उंचीवर, चार हजार मीटरच्या आसपास. आयमारा पुरुषांचे सरासरी हिमोग्लोबिन १९.२ ग्रॅम, तिबेटी पुरुषांचे १५.६. म्हणजे मुंबई-पुण्यातील निरोगी पुरुषाइतकेच! हजारो वर्षे उंचावर राहिलेल्या तिबेटी लोकांनी रक्त दाट करण्याची वाट सोडून दिली. ते श्वास अधिक घेतात, त्यांच्या वाहिन्या रुंदावलेल्या राहतात आणि रक्तप्रवाह मोकळा वाहतो. प्राणवायूच्या जाणिवेशी निगडित असलेल्या ‘ईपास-१’ या जनुकाचे त्यांच्यातील रूप निराळे असल्याचे २०१० मध्ये दिसून आले. चार वर्षांनी कळले की, हे रूप डेनिसोव्हन नावाच्या लुप्त झालेल्या मानवशाखेकडून त्यांच्यापर्यंत आले आहे.

या भेदाचा एक परिणाम आपल्या देशातील आकडेवारीत दिसतो, आणि तो विचार करायला लावणारा आहे. उंचावर रक्त दाट होते, म्हणून तेथे रक्तक्षय ठरवण्याची मर्यादा वर सरकवावी, असा जागतिक संकेत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही उंचीनुसार अशी दुरुस्ती करतात. पाचव्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. लडाखमध्ये मात्र हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक निघाले. लडाखी स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता नाही, असे कोणी म्हणू नये. हिवाळ्यात ताज्या भाजीची तेथे वानवा असते. परंतु तिबेटी लोकांशी रक्ताचे नाते असलेल्या या समाजाला सरसकट वाढीव मोजपट्टी लावली, तर निरोगी स्त्रीही कागदावर आजारी ठरण्याचा संभव मोठा. कोणाचे रक्त, कोणत्या पिढीपासून उंचावर, हे न विचारता केवळ आकड्यावर विसंबण्यातील धोका यातून कळतो.

मैदानातून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बाबतीत मात्र तेवढी गुंतागुंत नाही. हिमोग्लोबिन ९ ग्रॅम असलेली श्राविका साडेचार हजार मीटरवर पोहोचली आणि तेथे तिच्या रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ऐंशी-ब्याऐंशी टक्क्यांवर आली, तर तिच्या रक्तात वाहणारा प्राणवायू मैदानातील निरोगी पुरुषाच्या जेमतेम निम्मा उरतो. शिवाय मूत्रपिंडाची हाक आली, तरी अस्थिमज्जेला नवे रक्त घडवायला लोह हवे. साठाच नसेल तर ती घडवणार कशातून? शरीरात लोह कमी असताना उंचावर फुप्फुसांतील रक्तदाब अधिक चढतो, हेही दिसून आले आहे. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी करून घ्यावी, आणि तीही निघण्यापूर्वी किमान तीन महिने. रिता साठा आठवड्याभराच्या गोळ्यांनी भरत नाही. लोहाच्या गोळीबरोबर आवळा किंवा लिंबू घेतले तर लोह चांगले शोषले जाते. चहा मात्र तिच्यापासून दोन तास दूर ठेवावा.

याच संदर्भात भगवान महावीर जन्मकल्याणकानिमित्त होणाऱ्या रक्तदान शिबिरांचा उल्लेख करायला हवा. ही परंपरा अभिमानास्पद आहे. पण ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे १५० ते २०० मिलिग्रॅम लोह जाते आणि तो साठा भरून यायला काही महिने लागतात. चैत्रात रक्तदान करून ज्येष्ठात कैलासाला निघणाऱ्याने त्या वर्षीपुरते शिबिरात रक्त देण्याऐवजी सेवा द्यावी, दान परतल्यानंतर काही महिन्यांनी करावे.

दुसरी उणीव बी-१२ या जीवनसत्त्वाची. पुण्याच्या परिसरातील पुरुषांच्या एका अभ्यासात, २००६ मध्ये, सुमारे दोन-तृतीयांश जणांत ते कमी आढळले होते. शाकाहारात त्याचा आधार दूध-दह्याचाच. ज्यांनी दूधही सोडले आहे किंवा ज्यांचे दीर्घ तप सुरू आहे, त्यांनी याची तपासणी टाळू नये. या कमतरतेत लाल पेशी मोठ्या पण थोड्या होतात. शिवाय होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते, ज्याचा संबंध गुठळ्यांशी जोडला जातो. औषधाविषयी अनेकांना शंका असते. बी-१२ हे जिवाणूंच्या साहाय्याने किण्वनातून तयार करतात. प्राणिजन्य असते ते बहुतेक कॅप्सूलचे जिलेटिनचे वेष्टन. साधी गोळी मागावी आणि वेष्टनावरील खूण पाहून घ्यावी.

कोणाचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे दहा-अकराच्या आसपास अडून असते, लाल पेशी लहान असतात आणि लोह घेऊनही फरक पडत नाही. अशा वेळी थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता तपासावी. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे. वाहकाला फेरिटिन पुरेसे असताना लोह देत राहण्यात काही अर्थ नाही. उलट, ज्यांचे हिमोग्लोबिन घरीच अठरा-एकोणीस आहे त्यांना ‘रक्त भरपूर आहे’ म्हणून शाबासकी देऊ नये. धूम्रपान, फुप्फुसांचा विकार किंवा अस्थिमज्जेचा पॉलिसायथेमिया हा आजार यामागे असू शकतो, आणि त्यांच्यासाठी आणखी दाट होणारे रक्त घातकच.

सिकलसेलची गोष्ट सर्वांत गंभीर आहे आणि ती यात्रेकरूंपेक्षा त्यांच्या सोबत जाणाऱ्यांना अधिक लागू पडते. विदर्भ, नंदुरबार, गुजरातचा आदिवासी पट्टा, दक्षिण राजस्थान येथे या विकाराचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. शेतात, शहरात, स्वयंपाकघरात त्याला आयुष्यभर काही जाणवत नाही. पण प्राणवायू फार घटला की त्याच्या काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकून प्लीहेत अडकतात. मग डाव्या बरगड्यांखाली तीव्र कळ उठते आणि प्लीहेचा भाग मृत होऊ शकतो. ही कळ पोटदुखी समजून ओव्याचे पाणी देण्यात वेळ जातो. उपाय प्राणवायू आणि तातडीने खाली उतरवणे हाच. ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्याने या उंचीवर जाऊच नये.

कंदमुळे आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेला, सूर्यास्तापूर्वी तयार होणारा स्वयंपाक करण्यासाठी अनेक संघ आपले आचारी आणि मदतनीस बरोबर नेतात. सरकारी यात्रेत यात्रेकरूची तपासणी दिल्लीत आणि मार्गावर पुन्हा होते. खासगी रीतीने जाणाऱ्या संघात यात्रेकरू स्वतःच्या खर्चाने सर्व चाचण्या करतो, पण पहाटे चारला उठून पातेली घासणाऱ्या मुलाच्या रक्ताची चौकशी कोणी करीत नाही. सिकलसेलची प्राथमिक चाचणी स्वस्त आहे, अनेक सरकारी आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य होते. यात्रेच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी वेगळा रकाना लागू नये इतकी ती किरकोळ आहे. चाचणीत तो वाहक निघाला तर त्याची रोजी मात्र बुडू देऊ नये. त्याला खालच्या मुक्कामाचे काम देता येते.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी एक बाब. उंचावर शरीर स्वतःहून पाणी टाकीत असते, कोरड्या हवेत श्वासावाटेही ते जाते, आणि सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंतचे अकरा-बारा तास पाण्याविना जातात. नियम ज्याचा त्याने ठरवायचा. पण दिवसा तहान लागण्याची वाट न पाहता उकळलेले पाणी थोडे थोडे घेत राहणे आणि सूर्यास्ताआधी पुरेसे पाणी पिऊन घेणे, ही आखणी नियमात बसते. वर पोहोचल्यावरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत नवीन उपवास धरू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी तिच्याविषयी वैद्यांना अवश्य विचारावे.

परतल्यावर बहुतेकांचे रक्त मुकाट्याने जुन्या पातळीवर येते. आधी द्रवभाग भरून निघतो, मग वाढलेल्या पेशी असतील तर काही आठवड्यांत त्या ओसरतात. अनेकजण यात्रेहून येताच उत्साहाने तपासणी करतात आणि जाताना साडेदहा असलेले हिमोग्लोबिन साडेअकरा झालेले पाहून लोहाची गोळी बंद करतात. तो एक ग्रॅम बहुधा आटलेल्या पाण्याचा असतो. तपासणी महिन्या-दीड महिन्याने करावी, आणि तोपर्यंत गोळी चालू ठेवावी.